बोचकेवाल्या अळीसाठी एक दात

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला अळीचं औषध देत होतो. फोन त्याच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "काका, बाबा गेले... तळ्यावर," एवढंच ती म्हणाली आणि मागं कुणाचं तरी रडणं ऐकू येत राहिलं. मी त्या माणसाच्या हातातली बाटली परत घेतली. का घेतली ते आजही सांगता येणार नाही. "शेठ, कामून?" तो म्हणाला. "दुकान बंद," मी म्हणालो आणि भर दुपारी शटर ओढलं. बदनापूरहून आमचं गाव मोटारसायकलवर वीस मिनिटं. मी पोचलो तेव्हा त्याला घरी आणून ठेवलेलं होतं. भुवया जळलेल्या, तळहात काळे, सदऱ्याची एक बाही करपलेली. तळ्याच्या बांधावर आग लागली होती आणि ती ओल्या पोत्यानं बडवता बडवता तो कोसळला होता. जन्मभर माणसांना मारलं, शेवटी आगीला मारत गेला.

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं अशी आपल्याकडं रीत आहे. पण सुखदेवबद्दल मी गोड लिहिलं तर तो उठून येईल आणि माझा दुसरा दात पाडील. पहिला त्यानंच पाडलेला आहे, तो किस्सा पुढे येईलच. तेव्हा खरं सांगतो. सुखदेव मास्तर हा मी पाहिलेला सगळ्यात तापट माणूस. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-एक वर्षं विज्ञान शिकवलं, आणि डोक्यात राख घालून घेतली नाही असा एकही आठवडा गेला नसावा. शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडतं म्हणून त्यानं ते काढून विहिरीच्या कठड्यावर आपटलं होतं. चहाच्या टपरीवर एकानं त्याला वेगळा कप पुढे केला, तेव्हा तो कप, ती बशी, शेजारची बरणी आणि त्या माणसाचं नाक, चौघांचाही निकाल लावून तो शांतपणे शाळेत गेला होता. मुलांवर मात्र त्यानं कधी हात उचलला नाही. शाळेतली पोरं त्याला मुळीच घाबरत नसत, घाबरत ती एवढ्यालाच, की आपला बाप मास्तरशी भांडायला आला तर त्याला सांभाळून घरी न्यावं लागेल.

आणि याच माणसाच्या आयुष्यात एक अळी होती. तांदळाच्या कणीएवढी. गावच्या तळ्याच्या बांधाखाली पाणी झिरपतं, तिथं लव्हाळ्याचा एक पट्टा आहे, फार तर दोन बैलगाड्या उभ्या राहतील एवढा. पावसाळा सरला की लव्हाळ्याला तपकिरी बोंडं येतात, त्यात बारीक बी असतं. ही अळी ते बी आतून पोखरून खाते, मग स्वतःभोवती रेशमाची एक नळी विणते, तिला रिकाम्या बियांची टरफलं चिकटवते आणि ते बोचकं अंगावर घेऊनच हिंडते. डोकं बाहेर काढायचं, दोन पावलं टाकायची, खायचं, पुन्हा आत. गावातल्या पोरांनी तिला नाव ठेवलं होतं बोचकेवाली. उन्हाळाभर ती बोचकी वाळल्या काड्यांना चिकटून निपचित असतात. बघणाऱ्याला वाटतं, भुसकट आहे. ओल लागली की एकदा हलतात, वर सरकतात, आणि पुढे त्यातून वाळल्या गवताच्या रंगाचा एक पतंग निघतो, इतका किरकोळ की दिव्यावर आला तर माणूस नुसत्या फुंकरीनं उडवून टाकील. सुखदेवनं त्याचे फोटो कुठल्या कुठल्या अभ्यासकांना पाठवले. कुणी म्हणालं ह्या कुळातला असावा, कुणी म्हणालं नमुने पाठवा. नमुने म्हणजे मारून पाठवायचे. ते त्याच्याच्यानं झालं नाही, म्हणून त्या किड्याला शेवटपर्यंत शास्त्रातलं नाव मिळालं नाही.

माझं दुकान कृषी सेवा केंद्र. म्हणजे बियाणं, खत आणि मुख्य म्हणजे किडे मारायची औषधं. तो बी बघणारा, मी बाटली विकणारा, आणि तरी शाळा सुटली की तो माझ्याकडंच येऊन बसायचा. "तुझ्याकडं चहा पिला की खुनी माणसाच्या घरी जेवल्यावाणी वाटतं," म्हणायचा आणि दुसरा कप मागायचा. मोठाले पंजे होते त्याचे. त्या पंज्यात शेळीच्या केसाचा एक बारीक कुंचला धरून तो अळी एका काडीवरून दुसऱ्या काडीवर ठेवायचा तेव्हा श्वास रोखून धरायचा. त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघत राहावंसं वाटे. एवढं मऊ तोंड मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्या पट्ट्याशी माझंही एक जुनं नातं आहे, आणि ते सांगायला मला लाज वाटते. आम्ही दोघं नऊ-दहा वर्षांचे असू. सुखदेवचा बाप मजुरी करायचा आणि फावल्या वेळात लव्हाळा कापून चटया विणायचा. तळं गावाचं, पण पट्ट्याला लागून आमचं शेत, म्हणून माझा चुलता तो पट्टा आपलाच धरून चालायचा. एक दिवस त्यानं सुखदेवच्या बापाला कापताना पकडलं. मी तिथंच होतो, बैलांचा कासरा धरून. चुलत्यानं आसूड घेतला. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर, मग तो माणूस खाली पडला आणि फटके मोजायच्या पलीकडं गेले. विळा लांब जाऊन पडला होता. चुलता दमला, थांबला, कपाळ पुसलं आणि पुन्हा सुरू झाला. ते दमून पुन्हा सुरू होणं मला अजून स्वप्नात दिसतं. बैल बुजत होते आणि मी कासरा घट्ट धरून उभा होतो. कुणी विचारलं तर सांगायला बरं, मी बैल सांभाळत होतो. सुखदेव मला त्या दिवशी कुठं दिसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तो माझ्याशेजारीच बसला, काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. पुढची चाळीस वर्षं आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

आता दाताचं. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन काढणीला आलेलं, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी दुकानात ही झुंबड. माझा चुलतभाऊ साहेबराव, त्याच चुलत्याचा मुलगा, गर्दीतून हात घालून एक प्लास्टिकची पिशवी काचेवर ठेवून म्हणाला, "बबनभाऊ, बांधाखाली ह्या अळ्या लै झाल्यात. उद्या हरभऱ्यात उतरतीन. जल्दी काहीतरी दे." आमच्या धंद्यात एक सवय लागते. गिऱ्हाईक पान आणतं, फांदी आणतं, कधी नुसतं बोट दाखवतं, आणि डोळा त्यावर पडायच्या आत हात फळीकडं गेलेला असतो. पिशवीची गाठसुद्धा मी सोडली नाही. माझा हात गेला, बाटली आली, साहेबराव गेला. गाठ सोडली नाही हे खरं. पण पिशवी पारदर्शक होती. आतला लव्हाळा मला दिसला होता, त्यावरची बोचकीही दिसली होती. मी ओळखली होती ती. "ही पिकावर येत नाही, हिला फक्त लव्हाळ्याचं बी लागतं," एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मागं पंधरा माणसं उभी होती, साहेबराव भावकीतला, आणि वाक्य राहून गेलं. साहेबरावनं त्याच संध्याकाळी पट्टा पुरता भिजवला.

तिसऱ्या दिवशी सुखदेव दुकानात आला. नेहमीसारखं "खुनी" वगैरे काही म्हणाला नाही. माणसं बाजूला सारत काउंटरपाशी आला, मूठ उघडली आणि काचेवर बोचकी सांडली. काळी पडलेली, हलत नसलेली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच उघड्या तोंडावर ठोसा बसला. मी मागच्या फळीवर आदळलो, बाटल्या अंगावर कोसळल्या, एक फुटली आणि सगळ्या दुकानभर तो उग्र वास पसरला. त्यानं काउंटरवरून हात घालून माझी गचांडी धरली, मला पुढे ओढलं आणि पुन्हा मारलं. काचेवर रक्त, त्यात माझा समोरचा दात आणि त्याच्या अळ्या. दोघा-तिघांनी त्याला मागून आवळलं होतं तरी तो मला सोडत नव्हता. "तुझ्या चुलत्यानं माझ्या बापाला हाणलं तवा तू कासरा धरून उभा व्हता," तो ओरडत होता. "आज बाटली धरून उभा हाईस. बब्या, येळेला तुझे हात भरलेलेच कसे असतेत रे?" आणि मग एकदम त्याचे हात गळाले आणि तो काचेवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागला. मार मला लागला होता, पण त्या प्रश्नानं जे केलं ते ठोशानं केलं नव्हतं.

गावाकडं बातमी माझ्याआधी पोचली. मास्तरनं बबनला मारलं. पुढचं सांगायला नको. मी तोंडात कापूस कोंबून मोटारसायकल काढली, पोचलो तोवर साहेबराव आणि भावकीतले चार-पाच जण काठ्या घेऊन सुखदेवच्या दारात होते. शांतावहिनी उंबऱ्यात उलथनं घेऊन उभ्या होत्या आणि सुखदेव त्यांना आत ढकलून स्वतः बाहेर येत होता. साहेबरावची काठी मी उठताना पाहिली. सुखदेवनं उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज असा येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं, वाळका फाटा पायाखाली यावा तसा. दुसरी काठी उठली. माझे हात त्या दिवशी रिकामे होते. मी मधे घुसलो. ती काठी माझ्या खांद्यावर बसली. "त्यानं मारलं ते बराबर मारलं," मी ओरडलो. "अळ्या त्याच्या व्हत्या, औषध माझं व्हतं. आता ज्याला मारायचं त्यानं मला मारा." पण समोरचा दात गेलेला, त्यामुळं 'औषध' म्हणताना तोंडातून लांबलचक शिट्टी वाजली. काठीवाल्यांतला एक फिसकन हसला. हसलेल्या माणसाला पुन्हा काठी उचलता येत नाही. एकेक करून ते पांगले. साहेबराव सगळ्यात शेवटी गेला, खाली बघत.

जालन्याच्या दवाखान्यात एका बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. त्याचा हात झोळीत, माझं तोंड सुजलेलं. सुखदेव समोरच्या भिंतीकडं बघत बोलायला लागला. "त्या दिवशी म्या तिथंच व्हतो बब्या. बापानं मला लव्हाळ्यात ढकलून देल्लं, म्हन्ला लप. पालथा पडल्तो. वरून आवाज येऊन राह्यलता... आसुडाचा. डोळे मिटले की आवाज जास्ती यायचा, म्हणून नाकासमोरच्या एका काडीकडं बघत राह्यलो. तर त्या काडीवर एक बी चालून राह्यलं व्हतं. बी! मला वाटलं म्या येडा झालो. बाप वरडायचा थांबला तरी ते थांबलं न्हाई. या बोंडावरून त्या बोंडावर गेलं, आपलं बोचकं घेऊन. मंग म्या ठरवलं, ह्याच्याकडं बघत राह्यलं की माणूस मरत न्हाई." मी नुसता त्याच्या न मोडलेल्या हातावर हात ठेवला. "काढ हात," तो म्हणाला, "न्हाईतर अजून एक पाडीन." पण त्यानं स्वतः हात काढून घेतला नाही.

पोलिसांत द्यायची तक्रार त्यानं डाव्या हातानं लिहून ठेवली होती. ती द्यायला तो पूर्ण हक्कदार होता, आणि मी साक्ष देणार होतो. साहेबराव आला, दारातच उभा राहिला. सुखदेव म्हणाला, "त्या पट्ट्याला तू आन तुझी औलाद बिलकुल हात लावणार न्हाई, असं गावासमोर म्हण. मंग हा कागद फाडतो." वहिनी कडाडल्या, "तुमचा हात काय रस्त्यावर पडला व्हता का?" वहिनींचं बरोबर होतं, मला आजही तसंच वाटतं. पण सुखदेवनं कागद फाडला. साहेबरावनं शब्द दिला आणि सांगायला हवं, की तो पाळला.

हात जुळला, पण वाकडाच. बोटांना कंप आला. कुंचला धरला की टोक थरथरायचं आणि अळी खाली पडायची. मग एका रविवारी तो माझ्या घरी आला, कुंचला माझ्या पुढ्यात फेकला आणि म्हणाला, "चल. आता तूच माझा हात." त्यानंतरचे किती रविवार आम्ही बांधावर उकिडवे बसून काढले! पहिल्या दोन वर्षांत एकही बोचकं दिसलं नाही. मी काडी काडी तपासायचो आणि तो डोक्यावर उभा राहून शिव्या घालायचा. "आंधळ्या, बी बघ, बी! तुला बाटलीवरचं बारीक लिहिलेलं वाचता येतं, अन् हे दिसत न्हाई?" तिसऱ्या वर्षी मला एक सापडलं. मी त्याला हाक मारली. त्यानं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी चिखलात आडवा. तेवढ्यावरच माफीचं प्रकरण संपलं. नवा दात बसवून देतो म्हणून तो दोन-तीनदा मागं लागला होता. मी बसवला नाही. त्याला कारण सांगितलं, भीती वाटते. खरं कारण ते नव्हतं.

या उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, आमच्याकडं सगळेच जाळतात तसं साहेबरावनंही आपल्या शेताचा बांध जाळायला घेतला. पट्ट्याकडून चांगली पाच हात जागा त्यानं आधी खुरप्यानं मोकळी करून घेतली होती. मी स्वतः ती नंतर पाहिली. पण वारा फिरला. वाळलेला लव्हाळा पेटायला काय लागतं! सुखदेव रोजच्यासारखा बांधावर आलेला. साहेबरावच्या तोंडूनच सांगतो, कारण त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. तो मला अंत्ययात्रेहून परतताना भेटला, अंगातली बंडी भोकं पडून चाळण झालेली. "मास्तर आगीत घुसला, भाऊ. म्या म्हन्लं, जाऊ द्या मास्तर, पुढल्या साली पुन्हा येतं लव्हाळं. तर मलाच पोत्याचा एक फटका हाणला. मंग म्या बी बंडी भिजवली अन् हाणायला लागलो. दोघं बी हाणून राह्यलतो. मास्तर आगीला शिव्या देत व्हता, तिच्या आईला, तिच्या बापाला. अन् मंग एकदम खाली बसला. म्या उचलला. खांद्यावर घेतला तर म्हणतो, 'पट्टा वाचला का?' म्या म्हन्लं, वाचला मास्तर, सगळा वाचला." एवढं सांगून साहेबरावनं बंडीच्या एका जळक्या भोकात बोट घातलं. "लबाड बोल्लो भाऊ. कायबी उरलं नव्हतं." ज्या खांद्यावर सुखदेव गेला, त्याच खांद्यानं कधीकाळी काठी उचलली होती. मी साहेबरावला त्या क्षणी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण मी त्याच्याजवळ उभा राहिलो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर वहिनींनी कुंचला माझ्या हातात दिला. "हे तुमचं," म्हणाल्या. मी तळ्यावर जाऊन आलो. पट्टा काळा. नुसती राख आणि टोकं. बोट फिरवलं तर काजळी लागायची. मी खूप रागावलो. वाऱ्यावर, साहेबराववर, आणि सगळ्यात जास्त सुखदेववर, कारण मरायला इतकं फुकटचं कारण कुणी शोधतं का? त्या रागात मी एक जळका बुंधा लाथेनं उडवला आणि तिथंच खाली बसून रडलो.

परवाची गोष्ट. बियाण्याचा हंगाम, दुकान भरलेलं. गर्दीतून एक हात आला आणि काचेवर प्लास्टिकची पिशवी ठेवली. साहेबराव. "औषध नको भाऊ," तो म्हणाला. "नुसतं बघ. झिऱ्यापाशी दगडाच्या आड चार काड्या राह्यल्या व्हत्या. काल ओल लागली. मला वाटून राह्यलं... पण माझी नजर आता बराबर न्हाई." मी गाठ सोडली. आत एका बाजूनं करपलेली काडी, तिच्यावर भुसकटासारखं काहीतरी चिकटलेलं. मी खिशातून कुंचला काढला. साहेबराव श्वास रोखून वाकला, मीही वाकलो. माझी जीभ आपोआप दाताच्या रिकाम्या जागेत गेली, सुखदेव गेल्यापासून ती सारखी तिथंच जाते. बराच वेळ काहीच नाही. मग भुसकटाच्या एका टोकातून टाचणीच्या टोकाएवढं काळं डोकं बाहेर आलं, आणि बी चालायला लागलं.

"शेठ, आमचं औषध द्या की," मागून कुणीतरी वैतागून म्हणालं.

"जरासं थांबा," मी म्हणालो, आणि 'स' म्हणताना तोंडातून शिट्टी वाजली.